बुडाशी चुन्याची फुली

माझे सासरे झाडांच्या बाजूचे की कुऱ्हाडीच्या, हे मला लग्नानंतर पुष्कळ दिवस कळत नव्हतं. सगळी नोकरी जंगल खात्यात झालेली, निवृत्त होऊन हैदराबादेत तारनाक्याच्या घरात स्थिरावलेले. सकाळी फिरायला निघाले की वाटेतल्या प्रत्येक खोडावर बोटांच्या पेरांनी टकटक करायचे, कान लावायचे आणि निकाल द्यायचे. एखादं वाळकं, पोकळ, शेंडा झडलेलं झाड दिसलं की म्हणायचे, "हे छान आहे." पुढचं सरळसोट, हिरवंगार झाड बघून म्हणायचे, "हे काढायला पाहिजे." मी पुण्याची. झाडं वाचवा म्हणत शाळेच्या प्रभातफेरीत घसा बसवून घेतलेली. मला वाटायचं, सरकारनं या माणसाला वेळेवर घरी बसवलं ते जंगलाचं नशीबच.

त्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. पुण्यात आई-बाबा म्हटलं असतं, पण हे घराणं जुन्या हैदराबाद संस्थानातलं, मूळचं मराठवाड्याकडचं. तिथली रीत सुटली नव्हती आणि ती सोडवण्याचा माझा एक प्रयत्न आत्याबाईंनी नुसत्या भुवया उचलून हाणून पाडला होता.

आमच्या घरामागे कॉलनीचा एक प्लॉट होता. नकाशावर त्याला पार्क म्हणत, प्रत्यक्षात कुणीच काही म्हणत नसे. पूर्वी कधीतरी सरकारी रोपं फुकट वाटली गेली, तेव्हा प्रत्येक घरानं जमतील तेवढी आणून, सापडेल तिथं खोचून दिली होती. बहुतेक सुबाभूळ, मधेमधे निलगिरी. आता ती सगळी काठीसारखी उंच वाढली होती. आत पाऊल टाकलं की भर दुपारी संध्याकाळ व्हायची. डास सोडले तर तिथं कुणाचा जीव रमत नव्हता. या गर्दीत एकच जुनं झाड होतं, कॉलनीच्याही आधीचं: एक शिरीष. शेंडा वाळलेला, एक फांदी कधीच पडून गेलेली, आणि आमच्या गच्चीच्या उंचीवर खोडात एक ढोली.

तेव्हा देशात नुकतं सगळं खुलं होऊ लागलं होतं. परदेशी थंड पेयं किराणा दुकानात आली, गच्च्यांवर केबलच्या तारा आल्या, आणि आमच्या गल्लीत स्कूटरींच्या जागी गाड्या आल्या. गाड्या आल्या तशी त्यांच्या मुक्कामाची चिंताही आली. सोसायटीचे सेक्रेटरी तेलुगू गृहस्थ होते. कॉलनीतली पहिली नवी गाडी त्यांची, त्यामुळे पहिली चिंताही त्यांचीच. प्लॉट साफ करायचा, सिमेंट करायचं आणि वर पत्र्याची शेड टाकायची, असा ठराव ते उन्हाळ्यातल्या सभेत मांडणार होते. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी मामांना ते समजावलं. "साब, पूरा देश खुल रहा है. हमारा प्लॉट कायकू बंद रखना?"

मामा म्हणाले, "मैं भी वहीच बोल रहा. खोलेंगे. मगर हिसाब से."

सेक्रेटरींना वाटलं, म्हातारा आपल्या बाजूला आला. मामांनी मागितलं एवढंच, की सभेच्या आधी थोडी झाडं विरळ करायची परवानगी आपल्याला द्यावी. सरकारी कागद वगैरे आपण बघू. निम्मं काम फुकटात होतंय म्हणून सेक्रेटरी खुश झाले आणि चहा पिऊन गेले.

ते गेल्यावर मी चिडले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं थेट तोंडावर म्हणण्याइतकी मी अजून जुनी सून झाले नव्हते, पण भांडी मात्र मोठ्यानं घासली. मामांना ते बरोबर ऐकू गेलं. ते मला हाताला धरून प्लॉटमध्ये घेऊन गेले आणि खाली बघायला सांगितलं. जमिनीवर गवताचं पातं नव्हतं. नुसता वाळका पाला. "एका गादीवर दहा जण झोपवले की कुणालाच झोप लागत नाही," ते म्हणाले. ऊन खाली येत नाही म्हणून गवत नाही, गवत नाही म्हणून किडे नाहीत, किडे नाहीत तर पाखरं काय खायला येणार? सुबाभळींच्या घोळक्यात दबून उभं असलेलं एक किरटं उंबर त्यांनी दाखवलं. याच्या डोक्यावरचं छप्पर काढलं की हे फळायला लागेल. मग शिरीषाची ढोली दाखवली. धनेशाची, मोठ्या बाकदार चोचीच्या त्या राखी पाखरांची, एक जोडी मागच्या वर्षी इथं येऊन डोकावून गेली होती. ढोली पसंत पडली, पण समोर झाडांची इतकी दाटी की एवढ्या मोठ्या पाखराला पंख पसरून दारापर्यंत यायला वाटच नाही. गेली निघून.

मी विचारलं की पाखरासाठी एवढा उपद्व्याप कशाला. त्यांनी सांगितलं. नोकरीत त्यांनी जे केलं ते नेमकं उलटं होतं: सरळ झाड वाढवायचं आणि पोकळ झाड आधी काढायचं, कारण पोकळ झाडाची फळी निघत नाही. "नोकरीभर करवतीच्या मनासारखं जंगल केलं," ते म्हणाले. "आता रुमालाएवढं का होईना, पाखराच्या मनासारखं करतो. सभेच्या आत धनेशानं घर केलं तर झाडं राहतील, भरल्या घरट्यावर कुणी कुऱ्हाड घालत नाही. नाही आले तर सिमेंट." त्या दिवसापासून मी त्यांच्या पक्षात गेले, आणि पुणेरी माणूस एकदा पक्षात गेला की पक्षालाच नकोसा झाला तरी बाहेर पडत नाही.

तोडायच्या झाडांवर मामांनी चुन्यानं फुल्या मारल्या. खात्यात यासाठी हातोडा असे, त्याच्या तोंडावर सरकारी शिक्का. तो निवृत्तीच्या दिवशी जमा करावा लागला होता आणि त्याचं दुःख मामांना पेन्शन उशिरा मिळाल्यापेक्षा जास्त झालेलं होतं. आता त्यांच्या हाती डबा आणि काथ्याचा कुंचला. प्रत्येक झाडावर दोन फुल्या: एक छातीच्या उंचीवर, ठळक. दुसरी अगदी बुडाशी, जमिनीलगत. ती मारून झाली की पायानं त्यावर पाला सारायचे. मी डबा धरून मागे. दुसरी फुली कशासाठी, म्हणून विचारलं तर म्हणाले, "वरची फुली झाडाबरोबर जाते, बुडाची मागे राहते. झाड कुणाच्या हुकमानं गेलं ते खुंटाला विचारायचं असतं." मला हे फार आवडलं. पण खरा उपयोग काय होणार आहे, ते तेव्हा त्यांनाही ठाऊक नसावं.

कारण चौथ्या-पाचव्या दिवशी फुल्या फिरायला लागल्या.

आत्याबाई दुपारी गच्चीवर मिरच्या वाळवत बसायच्या. पानाचा डबा मांडीशी आणि नजर प्लॉटवर. केबलवर तेव्हा दुपारच्या मालिका सुरू झाल्या होत्या, पण त्यांना त्यांची गरज नव्हती. शेजारच्या प्राध्यापकांच्या बायकोनं आपल्या कपड्यांची दोरी ज्या सुबाभळीला बांधली होती, तिच्यावरची फुली ओल्या फडक्यानं पुसली आणि जाता जाता पलीकडच्यांच्या झाडावर चुन्याचं बोट ओढलं. पलीकडच्यांनी दुसऱ्या दिवशी सव्याज परत केलं. ज्यांच्या नातवंडांचा झोका होता त्यांनी झोक्याचं झाड वाचवलं आणि फुली तिसऱ्याच्या गळ्यात घातली. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे झाडांच्या बाबतीतही खरं असतं. सगळ्यात कमाल सेक्रेटरींची. सगळा प्लॉट साफ करायला निघालेला माणूस, पण स्वतःच्या गाडीवर सावली धरणाऱ्या सुबाभळीची फुली त्यांनी स्वतः येऊन, इकडेतिकडे बघत, हातरुमालानं पुसली. शेड होईपर्यंत तरी सावली हवी ना.

आणि शिरीष? त्याला कुणीच वाली नव्हता. ना दोरी, ना झोका, ना सावली. त्यामुळे ज्याला ज्याला आपली फुली कुठेतरी ठेवायची होती त्यानं ती शिरीषावर ठेवली. बघता बघता त्याचं खोड असं दिसू लागलं की पोरांनी भिंतीवर फुली-गोळा खेळावा. मी मामांना सांगायला धावले. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले की पुसू देत, कॉलनीला तेवढाच व्यायाम. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: बुडाची फुली कुणालाच माहीत नव्हती.

म्हणजे मला तसं वाटत होतं. एका दुपारी कपडे काढायला मागच्या अंगणात गेले, तर प्लॉटमध्ये आत्याबाई एका निलगिरीच्या बुडाशी उकिडव्या बसलेल्या. पाला बाजूला सारलेला, हातात भांडी घासायचा काथ्या, शेजारी पाण्याचा तांब्या. वरची फुली आधीच गायब. जंगल खात्याच्या माणसाशी एवढी वर्षं संसार केलेली बाई. तिला बुडाचं गुपित ठाऊक नसेल असं मानणारी मीच खुळी.

पकडल्या गेल्यावर त्या अजिबात गडबडल्या नाहीत. "काय बघायलीस? पाणी घाल," म्हणाल्या. मी निमूट पाणी घातलं.

हात धुता धुता त्यांनी सांगितलं. हे घर नवं होतं तेव्हा मामा जंगलात आणि त्या इथं, एकट्या, मुलाला घेऊन. महिन्यातून एकदा मामा यायचे. येताना यादीबरहुकूम सगळं आणायचे, मध, डिंक, चारोळ्या. यादीत नसलेलं कधी काही आणलं नाही. फक्त एकदा, दिवाळीला, पिशवीत हे निलगिरीचं रोप घेऊन आले. न मागता. "तेवढंच एक," आत्याबाई म्हणाल्या. "ते विसरले असतील. मी कशाला विसरू?"

माझी फार पंचाईत झाली. कारण ती निलगिरी नेमकी ढोलीच्या समोर होती. बाकी सगळी झाडं काढून ती एकटी ठेवली असती तरी धनेशाची वाट बंदच राहिली असती. मामांनी सगळ्यात पहिली फुली तिच्यावरच मारली होती. डबा मीच धरला होता. आत्याबाईंनाही हे माहीत असणार. त्या रोज गच्चीवरून ती ढोली बघत होत्या. मी गप्प राहायचं कबूल केलं आणि दोन्ही पक्षांची हेर होऊन बसले.

लाकूडतोडे आले त्या सकाळी सगळी कॉलनी फाटकाशी जमली. आपापल्या झाडावरची फुली गेलेली, त्यामुळे चेहरे निश्चिंत. मामा काठी घेऊन निघाले, मागे लाकूडतोड्यांचा मेस्त्री. मामा थेट प्राध्यापकांच्या दोरीच्या झाडापाशी थांबले. प्राध्यापकीणबाई लगबगीनं पुढे झाल्या, की या झाडावर तर खूण नाही. मामांनी "अस्सं?" म्हणून काठीनं बुडाचा पाला सारला. खाली चुन्याची फुली, जशीच्या तशी.

फाटकाशी जमलेला प्रत्येक जण आपापल्या झाडाच्या बुडाकडे बघू लागला.

मग झोक्याचं झाड. पाला, फुली. मग सेक्रेटरींची सावली. ते सांगू लागले की हे कुणीतरी मुद्दाम केलेलं दिसतंय. मामांनी मान डोलावली, म्हणाले, मी केलंय. शेवटी शिरीषापाशी आले. मेस्त्रीनं त्याच्यावरच्या फुल्या बघून कुऱ्हाड सावरलीच होती. मामांनी बुडाचा पाला सारला. खाली स्वच्छ. "याला हात लावायचा नाही. वरची खूण कुणीही मारतं, बुडाची खरी," असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. ते मजेत होते. नोकरीत इतके मजेत कधी असतील असं वाटत नाही.

आणि मग निलगिरी आली.

त्यांनी त्याच तोऱ्यात काठी घातली. पाला सारला. आणखी थोडा सारला. वाकून बघितलं. बुडाशी नुसती ओली, घासलेली साल. ते सावकाश उभे राहिले आणि वर गच्चीकडे बघितलं. बुडाची फुली ठाऊक असलेली माणसं दोनच उरत होती, आणि सुनेवर त्यांचा विश्वास होता. गच्चीवर आत्याबाई मिरच्या उलटत होत्या. खाली बघत नव्हत्या.

सेक्रेटरींना सगळं कळलं नाही, पण म्हातारा अडकलाय एवढं कळलं. ते हसू दाबत म्हणाले, "क्या साब? निशान नही?"

मामांना तिथं नवी फुली मारता आली असती. कोण अडवणार होतं? पण सकाळभर त्यांनी सगळ्यांच्या नाकावर एकच कायदा टिच्चून मिरवला होता. ते बराच वेळ ढोलीकडे बघत राहिले. मग मेस्त्रीला म्हणाले, "बुडाला खूण नाही. सोडा हे."

त्यांचा आवाज इतका साधा होता की मला रडू आलं. सभेत काय होणार ते मला दिसत होतं, सिमेंट आणि पत्रे. मला आत्याबाईंचा राग आला आणि राग येण्याचीही लाज वाटली.

मेस्त्री पुढच्या झाडाकडे वळला तेवढ्यात मागचं दार वाजलं. आत्याबाई आल्या, हातात पानाचा डबा. कुणाकडे न बघता निलगिरीपाशी गेल्या, गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या, चुन्याची डबी उघडली आणि अंगठ्यानं बुडाशी दोन रेघा ओढल्या. नीट, हळदीकुंकवाची बोटं ओढावीत तशा.

"आता आहे," त्या म्हणाल्या.

निलगिरी पडायला वेळ लागला नाही. पडली तेव्हा ढोलीवर पहिल्यांदाच लख्ख ऊन आलं. आत्याबाई तोवर स्वयंपाकाला लागल्या होत्या.

दुपारच्या चहाला मामांनी कपात बघत विचारलं, "ते रोप मीच आणलं होतं ना?"

"आठवलं का?"

"नर्सरीत वाटून झाल्यावर ते एकच उरलं होतं. फेकवेना."

"उरलेलंच असणार," आत्याबाई म्हणाल्या. "मला तेव्हाच कळलं होतं." आणि त्यांना हसू आलं. मामांना आलं नाही. ते चहा तसाच ठेवून मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले.

धनेश आले ते उन्हं तापायला लागल्यावर. आधी दोघं येऊन ढोलीत डोकावून गेले, घर भाड्यानं घेणाऱ्या नवराबायकोसारखे, ती आत आणि तो बाहेर अस्वस्थ. मग एक दिवस मादी आत गेली ती बाहेर आलीच नाही. नर चिखल आणून द्यायचा आणि ती आतून ढोलीचं तोंड लिंपून घ्यायची. शेवटी चोच जाईल एवढी फट उरली. अंडी, पिल्लं सगळं होईपर्यंत ती आता आतच, असं मामांनी सांगितलं. नर लांबून कुठून उंबरं, किडे, मिळेल ते आणून तिला फटीतून भरवायचा. आम्ही गच्चीवर बसून बघायचो. हळूहळू शेजारणीही यायला लागल्या, आधी दोरीचं दुःख सांगायला आणि मग नुसतंच बघायला.

आत्याबाई एकदा म्हणाल्या, "ह्याला तरी रोज यायची अक्कल आहे." मामा वर्तमानपत्रामागे गेले.

सभा आमच्याच गच्चीवर झाली. ठरावाच्या बाजूचे हात वर करा म्हटल्यावर सेक्रेटरींनी स्वतःचा हात वर केला आणि बायकोकडे बघितलं. ती तेलुगूत एवढंच म्हणाली, की आत बाळंतीण आहे. बाळंतिणीचं घर कुणी पाडतं का? तिचा हात मांडीवरच राहिला, आणि मग बाकीच्यांचेही. सेक्रेटरींनी आपला हात केसांवरून फिरवून खाली घेतला. गाडी गल्लीतच उभी राहिली. तिच्यावर धनेशाची विष्ठा पडायची तेव्हा ते फक्त मामांच्या घराकडे बघायचे.

पिल्लं उडून गेल्यावर प्लॉटमध्ये गुडघाभर गवत होतं आणि उंबराला पहिली फळं धरली होती. तोडलेल्या निलगिरीच्या खुंटाला चारी बाजूंनी फुटवे आले होते. निलगिरी अशी सहजासहजी मरत नाही. मामा कोयता घेऊन निघालेले मी पाहिलं. ढोलीच्या वाटेत पुन्हा झाड नको, हे मलाही आता कळत होतं. त्यांनी एकेक फुटवा छाटला. सगळ्यात चांगला, घराच्या बाजूचा, तेवढा एक ठेवला. ढोलीच्या उंचीला यायला त्याला काही वर्षं लागणार होती, तेव्हाचं तेव्हा. कोयता पुसून ते घरात गेले. न मागता ठेवलेला तो फुटवा आत्याबाईंनी गच्चीवरून पाहिला आणि पानाला चुना लावायला घेतला.

दुपारी आत्याबाई झोपल्यावर मी खाली गेले. माझाही स्वभाव काही बरा नाही. खुंटाशी बसून मी त्या फुटव्याच्या बुडाचा पाला बाजूला करून बघितला. फुली नव्हती.